मधलं नाव

बाळंतिणींना सोबत करणाऱ्या आमच्या डूलांच्या गटात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कुणीतरी एकीने एक प्रकरण मांडायचं, असा रिवाज आहे. काय घडलं, कुणी काय केलं, कुठे अडलं, कुठे चुकलं. नव्या मुली बहुधा सगळं सुरळीत पार पडलेलं बाळंतपण निवडतात, ते साहजिकच आहे. मी माझं पहिलंच निवडलं. यातही बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण केसपेपरच्या खिडकीवर मी मायेपोटी तीन शब्द बोलले आणि दुसऱ्या दिवशी बाळाच्या जन्माच्या फॉर्मवर बापाच्या रकान्यात बाळाच्या आजोबांचं नाव लिहून आलं. ते कसं झालं ते सांगते.

जिची ही गोष्ट आहे तिने हे वाचून ‘लिहा’ म्हटलंय. नाव दिलेलं नाही, गाव आणि राहण्याची जागा बदलली आहे. रुग्णालयाचंही नाव घेत नाही. पालिकेचं आहे, मोठं आहे, आणि त्या रात्री तिथे एकेका सिस्टरच्या वाट्याला किती बायका होत्या ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आधी डूला म्हणजे काय, कारण घरचेसुद्धा मला अजून ‘आमची सुईण’ म्हणून चिडवतात. सुईण बाळ घ्यायची, नाळ कापायची. डूला यातलं काहीही करत नाही. तपासत नाही, औषध देत नाही, डॉक्टरांना सल्ला देत नाही. तिचा हात लागतो तो बाळंतिणीच्या पाठीला, कपाळाला, तळव्यांना. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ सेवा करणारी बाई. डॅना राफाएल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तो १९७०च्या दशकात या कामासाठी वापरात आणला. पुढे ग्वाटेमालातल्या एका रुग्णालयात, कळा सुरू झाल्यापासून कुणी अनोळखी बाई नुसती सोबत बसली तर काय फरक पडतो, हे मोजलं गेलं आणि १९८०मध्ये ते छापून आलं. जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७च्या आढाव्यात १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांची माहिती आहे. सतत सोबत मिळालेल्यांची सिझेरियन कमी झाली, कळांचा वेळ थोडा घटला आणि बाळंतपणाबद्दलची कडवट आठवणही कमी जणींकडे उरली.

आपल्याकडे हे काम आई, मावशी, थोरली जाऊ करत आल्या. पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज तरी दुसरं काय आहे? फक्त त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की माहेर दार उघडेल. जिचं लग्न झालेलं नाही तिच्या बाबतीत नेमकं तेच दार आधी लागतं. आमचा गट अशाच बायकांसाठी आहे : नवऱ्याने टाकलेल्या, विधवा, लग्न न झालेल्या. पैसे कुणी घेत नाही, कुणाला मिळतही नाहीत.

प्रसूतीच्या वेळी सोबतीण आत घ्यायला केंद्र सरकारने २०१६मध्ये सरकारी रुग्णालयांना सांगितलं. पण शक्यतो बाईच, आणि तीही स्वतः बाळंतपणातून गेलेली. माझ्याबरोबर शिकलेली एक सव्वीस वर्षांची हुशार मुलगी त्यामुळे दाराबाहेरच राहते. माझी पात्रता म्हणजे माझी दोन बाळंतपणं. पैकी दुसऱ्यात मी डॉक्टरांना शिव्या दिल्या होत्या, असं ह्यांचं म्हणणं आहे.

ती आमच्याकडे आली तेव्हा सातवा लागला होता. वय बावीस, आधार कार्डावरून खात्री केलेली. ही खात्री आधी करायची असते, कारण मुलगी अठराच्या आतली निघाली तर पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि मग सगळी वाटच बदलते. मूळची बीडकडची. चेंबूर स्टेशनजवळच्या एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची, दिवसाला चारशेच्या आसपास, उभ्याने. मानखुर्दला बरोबरच्या एका बाईच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहायची. आरोग्यसेविकेने आमचा नंबर दिला.

‘तो’ कोण हे मी विचारलं नाही, ते आमच्या नियमात बसत नाही. तिनेच दुसऱ्या भेटीत सांगितलं, परातीतलं पीठ मळता मळता, माझ्याकडे न बघता. लग्न करू म्हणाला होता. पाचव्या महिन्यात फोन बंद झाला. आईला कळल्यावर आईने एवढंच म्हटलं, की अप्पांना कळायच्या आत काय ते बघ. त्यानंतर आईचाही फोन नाही.

पहिल्या दोन भेटींत मी फार बोलले. हे आता टिपणवहीवरून कळतं, कारण वहीत तिची वाक्यं चार आहेत आणि माझे सल्ले दोन पानं. लोकलमध्ये गरोदर बाईला दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं, हे मी सांगितलं ते ठीकच. तिला माहीत नव्हतं, आणि मानखुर्द ते चेंबूर दोनच स्टेशनं असली तरी सकाळच्या हार्बरला ती दोन स्टेशनं म्हणजे काय, ते जाणाऱ्यालाच ठाऊक. पण तिने एकदा विचारलं, “बाळ दुसऱ्या कुणाला द्यायचं असंल तर कसं असतं, ताई?” त्यावर मी म्हणाले, “अगं, एकदा तोंड बघ त्याचं, मग बोल.”

ही गोष्ट मी कौतुकाने आमच्या बाईंना सांगितली. बाई म्हणजे आमच्या गटाच्या प्रमुख, निवृत्त परिचारिका, तीस वर्षं लेबर रूममध्ये काढलेल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तिने कसं असतं ते विचारलं. द्यावं का, असं विचारलं होतं का?”

तिसऱ्या भेटीत मी जे आधीच सांगायला हवं होतं ते सांगितलं. आईला स्वतःहून बाळ सोपवता येतं, बाल कल्याण समितीपुढे. लिहून दिल्यावरही ६० दिवसांत विचार बदलून बाळ परत घेता येतं. त्याबाहेर कुणी ‘एक चांगलं घर आहे’ म्हणत परस्पर आलं तर तो गुन्हा आहे. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, म्हणाली, “हां.” एवढंच. बाळ ठेवायचं हे तिने कधी ठरवलं ते मला माहीत नाही. पुढच्या भेटीला तिने जुन्या सुती साडीची दुपटी शिवून आणलेली होती, तेव्हा मला कळलं.

बॅग आम्ही दोघींनी भरली. दुपटी, लंगोट, एक कुंची, पॅडचा पुडा, गरोदरपणाचं कार्ड, आधारच्या दोन झेरॉक्स, थर्मास, ग्लुकोजची बिस्किटं, चार्जर. श्वास कसा घ्यायचा, कळ आली की कशाला धरायचं, कुशीवर कसं झोपायचं, सगळं करून पाहिलं. खिडकीवर नवऱ्याचं विचारलं तर काय म्हणायचं, हे मात्र आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात आलं होतं. विषय काढायला अवघड वाटला, म्हणून वेळ येईल तेव्हा बघू म्हटलं.

वेळ आली ती जुलैतल्या एका रात्री, पावणेबाराला. “ताई, पाणी गेलं.” मी रिक्षा घेऊन मानखुर्दला गेले, तिथून तिला घेऊन तसेच रुग्णालयात. पाऊस असा, की रिक्षावाल्याने दोन्ही बाजूंचे पडदे पाडले आणि आत काळोखात ती माझ्या मनगटाला धरून बसली.

केसपेपरची खिडकी. आत एक वयस्कर काका, समोर रजिस्टर, शेजारी संगणक. तिला कळ आलेली, खिडकीची स्टीलची कड दोन्ही हातांनी धरून ती वाकलेली.

“नाव?”

मी आधारची झेरॉक्स आत सरकवली.

“मिस्टर कुठायत?”

तिने मान वर केली. मला दिसलं की ती काहीतरी बोलणार आहे. मी तिच्या आधी बोलले, “गावाला आहेत ते.”

काकांनी पुढे काही विचारलं नाही. झेरॉक्स बघून लिहीत गेले, शिक्का मारला, “दुसरा मजला” म्हणाले. मला बरं वाटलं. बरं म्हणजे चक्क अभिमान वाटला, की पोरीच्या वाटेतला एक धोंडा आपण उचलून बाजूला ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं होतं. ते कृतज्ञतेचं पाहणं, असा मी अर्थ लावला. लिफ्ट बंद होती, आम्ही जिना चढलो.

लेबर रूमबाहेर हिरवा गाऊन, टोपी, आतल्या चपला. एकीलाच परवानगी, आणि फक्त आपल्याच बाईजवळ थांबायचं, शेजारच्या टेबलाकडे जायचं नाही. तपासणीत गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडलेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींत कळांचा जोराचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरतात, म्हणजे अजून बराच पल्ला होता. निवासी डॉक्टर मुलगी चांगली होती, म्हणाली, “चालू द्या तिला.”

आम्ही पॅसेजमध्ये चाललो. कळ आली की ती खिडकीचे गज धरून वाकायची आणि मी तिच्या कमरेखाली, माकडहाडाच्या वर, तळहाताच्या टाचेने दाब द्यायचे. प्रशिक्षणात हेच शिकवलं होतं. तीन-चार कळा झाल्यावर ती दात दाबून म्हणाली, “मधी नको. कडंला. पोळीच्या कडा दाबतो तसं.” मी हात बाजूला नेले, दोन्हीकडून आत दाबलं, गोल. “हां. असं.” पुढचे तीन तास मी तिच्या हिशेबाने पोळ्या लाटत होते. कुठे कच्ची राहतेय ते ती सांगायची.

शेजारून, पडद्यापलीकडून, ‘आई गं’ ऐकू येत होतं. सगळ्याच ओरडतात, मीही ओरडले होते. हिच्या तोंडूनही दोनदा निघालं. तिसऱ्यांदा ‘आ’ झाला आणि तिने ओठ चावला. कळ ओसरल्यावर म्हणाली, “तिला नाही हाक मारायची.” माझ्या जिभेवर आलं होतं, की मार गं, आईच ती. पण पाण्याचा घोट पुढे केला आणि गप्प बसले. त्या रात्री जे थोडं बरोबर केलं, त्यातलं हे एक.

दुसरं असं. साडेतीनच्या सुमाराला बाळाचे ठोके जरा खाली आले. डॉक्टर म्हणाली, बघू या, पण सिझर लागलं तर तयारी असू दे, नातेवाइकाची सही लागेल. सिस्टरने फॉर्म आणि पेन माझ्या हातात दिलं. मी नातेवाईक नाही. आणि बाई सज्ञान असेल, शुद्धीवर असेल तर तिच्यावरच्या शस्त्रक्रियेला तिची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. हे आमच्याकडून घोकून घेतलेलं होतं. मी विचारलं, “डॉक्टर, तिला समजावून सांगाल का? सही तीच करेल.” डॉक्टरने केसपेपर पाहिला. “मिस्टर आऊट ऑफ स्टेशन ना? बरं, चालेल.” आणि तिला दोन मिनिटं नीट समजावलं. तिने कुशीवर पडल्या पडल्या सही केली. ठोके सावरले, सिझर लागलं नाही. पण ‘मिस्टर’ हा शब्द त्या खोलीत आला आणि तिने भिंतीकडे तोंड केलं, हे मी पाहिलं. पाहूनही काही समजले नाही.

पाच पन्नासला मुलगी झाली. दोन किलो तीनशे ग्रॅम. अडीचच्या खाली म्हणजे कमी वजनाची, पण रडली मोठ्याने. सिस्टरने पुसून तशीच उघडी आईच्या छातीवर ठेवली, वरून दुपटं टाकलं. वार पडेपर्यंत ती बाळाच्या टाळूवरची जागा बोटाने चाचपत होती, जिथे हाड नसतं ती. “हितं मऊ हाय.” तासाभरात चीक प्यायला दिला. मी सातच्या सुमाराला घरी आले आणि चहा न पिता झोपले.

आता वॉर्ड. तिथे काय चाललं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण डूला म्हणून माझं काम झालं, अशी माझी समजूत होती.

शेजारच्या खाटेवर साताऱ्याकडची एक बाळंतीण होती, सासूबाई सोबत. सासूबाई प्रेमळ, डब्यातला हळिवाचा लाडू हिलाही द्यायच्या. आणि विचारायच्या, “जावईबापू कधी येणार?” संध्याकाळी भेटीच्या वेळेला सगळ्या खाटांभोवती माणसं, हिच्या खाटेशी कुणी नाही. तेव्हा पुन्हा, “आले नाहीत का?” आयाबाई झाडू मारताना, “मुलगी झाली म्हणून रुसला काय नवरा?” केसपेपरवर लिहिलेलं, वॉर्डात पसरलेलं, आता मागे घ्यायचं कसं? तिने आधी सांगितलं, सुट्टी नाही मिळाली. मग म्हणाली, पावसामुळे गाडी अडकली. कुठे असतात? पुण्याला. काय करतात? गाडी चालवतात.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी पेज घेऊन गेले तेव्हा ती म्हणाली, आवाज अगदी साधा, “ताई, तुम्ही बोलून घरी गेलात. मला हितं बसून नवरा तयार करावा लागला.”

मी काही उत्तर द्यायच्या आत नोंदणीवाला मुलगा फॉर्मचा गठ्ठा घेऊन आला. जन्माची माहिती रुग्णालयच भरतं आणि पालिकेच्या विभाग कार्यालयाकडे पाठवतं. नोंद २१ दिवसांत व्हायची असते. घाईत बायका न वाचता सही करतात. ही दहावी झालेली. तिने फॉर्म बाळाच्या अंगावरून वर धरला, एकेका ओळीवर बोट ठेवत गेली आणि एका जागी थांबली.

“ताई, हे तर अप्पांचं नाव.”

झालं होतं ते असं. आपल्याकडे लग्न न झालेल्या मुलीचं मधलं नाव बापाचं, लग्नानंतर नवऱ्याचं. तिच्या आधारवर मधलं नाव अर्थातच वडिलांचं. खिडकीतल्या काकांना मी सांगितलं, नवरा आहे, गावाला आहे. मग बाईच्या नावापुढचं नाव नवऱ्याचंच असणार, असं त्यांनी धरलं आणि ‘पतीचे नाव’ या ओळीत उतरवलं. केसपेपरवरून ते फॉर्मवर आलं, बाळाच्या वडिलांच्या रकान्यात. यात कुणाचाही हलगर्जीपणा नाही. माझं वाक्य खरं धरलं तर त्यांनी लिहिलेलं बरोबरच होतं.

त्या कागदाचा अर्थ काय होतो, हे मी तिला सांगायची गरज नव्हती. ती फॉर्मकडे बघत होती. मग तिने तो उलटा करून उशीखाली ठेवला, जसा काही शेजारच्यांना दिसेल.

मी बाईंना फोन लावला आणि फोनवर रडले. बाई म्हणाल्या, “आधी तो कागद थांबव. रडायचं काम संध्याकाळी कर.” नोंदणीवाल्या मुलाला मी एवढंच सांगितलं, की यात चूक आहे, हा पुढे पाठवू नका. त्याने खांदे उडवले, पण फॉर्म बाजूला ठेवला. नशीब, की तो अजून पुढे गेला नव्हता. एकदा नोंद झाली असती तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५खाली दुरुस्तीचा अर्ज, पुरावे आणि निबंधकाची खात्री पटेपर्यंत हेलपाटे.

बाई तासाभरात आल्या आणि तिला विचारून आम्ही समाजसेवा विभागात गेलो. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत हा विभाग असतो. बहुतेक पेशंटना तो कुठे आहे तेही माहीत नसतं. तिथल्या मॅडमनी दार लावून घेतलं, तिला बसायला खुर्ची दिली आणि मला विचारलं, “तुम्ही कोण?” मी सांगितलं. “मग तुम्ही बाहेर बसा जरा.” बरोबर होतं त्यांचं.

नंतर मॅडमनी आम्हा सगळ्यांना जे सांगितलं ते मी इथे मांडते, कारण हे दर नव्या डूलाला पाठ हवं. सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ रोजी एका अविवाहित आईच्या प्रकरणात निकाल दिला. बापाचं नाव जाहीर करायची सक्ती तिच्यावर करता येत नाही. आणि एकटी किंवा अविवाहित आई जन्मदाखला मागायला आली, तर तिच्याकडून फक्त प्रतिज्ञापत्र घेऊन दाखला द्यायचा. राज्यात १ मे २०२४पासून जन्मणाऱ्या मुलांच्या कागदपत्रांत आईचं नाव लावणं सक्तीचं झालं आहे, त्यामुळे आईचं नाव पाहून भुवया उंचावण्याचं प्रमाण हळूहळू कमी होईल, असं मॅडमचं मत. मला तेवढी खात्री नाही.

केसपेपरवरची नोंद वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीने दुरुस्त करावी लागली. त्यासाठी त्या रात्री काय घडलं ते मी लेखी दिलं. ‘सदर माहिती मी रुग्णाला न विचारता दिली’ हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहिताना काय वाटतं, ते ज्याने लिहिलंय त्याला कळेल.

प्रतिज्ञापत्र तिला सुट्टी मिळाल्यावर केलं. टायपिंगवाल्याकडे तिघी गेलो, बाळ धरून चौघी. त्याने मजकूर विचारला, समजला, आणि अगदी मदत म्हणून म्हणाला, “मॅडम, वडील मयत लिहून टाकू का? पुढचे प्रश्नच मिटतात.”

माझ्याकडे बघून म्हणाला तो. मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले.

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग ती म्हणाली, “मेला न्हाई तो. गेलाय. तसं लिहिता येत नसंल तर काहीच लिहू नका.”

काहीच लिहिलं नाही. नवा फॉर्म भरला गेला, आईचं नाव, वडिलांचा रकाना रिकामा. तीन फेऱ्या झाल्या. एका टेबलावर ‘असा रकाना रिकामा ठेवता येत नाही’ हेही ऐकलं; मॅडमचा फोन गेल्यावर ठेवता आला.

पाचवीला मी मानखुर्दला गेले होते. खोलीतल्या बाईने पाटा-वरवंटा मांडला होता, हळदकुंकू वाहिलं होतं आणि सटवाईला लिहायला कोरा कागद आणि बॉलपेन ठेवलं होतं. त्या आठवड्यात आमच्या हाती आलेला तेवढा एकच कागद, ज्यावर कुणी काही विचारलेलं नव्हतं.

पैशांचं थोडक्यात. जननी सुरक्षा योजनेचे शहरी भागातले ६०० रुपये मिळाले. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५,००० मिळतात, ३,००० आणि २,०००. नव्या नियमांत नवऱ्याचं आधार बंधनकारक नाही, नेमकं एकट्या आयांसाठीच ते काढून टाकलं आहे. तरी अर्ज भरून घेणारीने ते मागितलंच. दुसऱ्या हप्त्यासाठी बाळाची जन्मनोंद लागते, म्हणजे तो आजोबांचा कागद तसाच गेला असता तर तिथेही घोळ झाला असता. तिचं बँक खातं गावच्या शाखेत होतं, ते इकडे आणण्यात महिना गेला.

शनिवारी हे मांडलं तेव्हा गटात एकमत झालं नाही, आणि ते मी लपवत नाही. एकजण म्हणाली, मी पण हेच बोलले असते. रात्री बाराला कळा देणाऱ्या मुलीला खिडकीवर ‘लग्न झालेलं नाही’ म्हणायला लावायचं का? आधी खाट मिळवायची, खरंखोटं मग. तिचं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही. कित्येक जणी स्वतःच ‘गावाला आहेत’ सांगतात, त्यांचा तो हक्क आहे, वॉर्डातले तीन दिवस त्यांनाच काढायचे असतात. पण मग ते त्यांनी ठरवलेलं असतं, पुण्याची गाडी आणि न मिळालेली सुट्टी त्यांनी आधीच तयार ठेवलेली असते, आणि फॉर्म आला की कुठे थांबवायचा तेही त्यांना माहीत असतं. मी तिला यातलं काहीच दिलं नव्हतं. तिने मान वर केली होती. ती काय म्हणणार होती, हे मी तिला पुढे एकदा विचारलं.

“नाही म्हणणार होते,” ती म्हणाली. “मिस्टर न्हाईत, एवढंच.”

सातव्या महिन्याच्या भेटीत आम्ही आता बॅगेच्या आधी हा विषय काढतो. कुठे कुठे विचारतील ते सांगतो : केसपेपर, वॉर्ड, जन्माचा फॉर्म, लस, अंगणवाडी. प्रत्येक उत्तराचं पुढे काय होतं ते सांगतो. ती जे ठरवेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवतो, आणि त्या रात्री तिच्या तोंडून शब्द फुटला नाही तरच आपण बोलायचं, तेही वहीत आहे तेवढंच. परवा एका बाईने सांगितलं, “लिहा, नवरा दुबईला.” लिहिलं.

दीड महिन्याच्या लशीला मी तिच्याबरोबर आरोग्य केंद्रावर गेले होते. बाळ तीन किलो चारशे, मांडीला वळ्या पडायला लागलेल्या, लंगोटाची गाठ सारखी सुटत होती. रांग मोठी, बाकडं एकच. टेबलावरच्या सिस्टरने कार्ड उघडलं, मान वर न करता विचारलं, “बाळाच्या वडिलांचं नाव?”

मी पाण्याची बाटली उघडून प्यायले.

“आईचं लिहा,” ती म्हणाली.

सिस्टरने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बाळाकडे. “मधलं नाव आईचं?”

“हो.”

“स्पेलिंग सांग.”

तिने सांगितलं. सिस्टरने लिहिलं, बाळाची उजवी मांडी मोकळी करायला सांगितली आणि रांगेतल्या पुढच्या बाईला हाक मारली.